प्रवासभयावरची मात्रा

विमानात पाऊल टाकण्यापूर्वी तासभर आधी एक लहानशी गोळी घ्यावी, म्हणजे छातीतली धडधड निवते आणि मुंबई ते लंडन हा सारा पल्ला डोळे मिटल्या मिटल्या निभावून जातो, ही समजूत आता मोठ्या शहरांपुरती उरलेली नाही. नगरला लागून असलेल्या भिंगारसारख्या छावणीच्या गावातही ती चांगली मुरली आहे. ज्यांचे मुलगे पुण्याची नोकरी सोडून न्यू जर्सीला गेले, ज्यांच्या लेकींना बाळंतपणासाठी माहेरी येणे जमत नाही म्हणून आईलाच सातासमुद्रापार जावे लागते, आणि ज्यांनी साठी उलटल्यावर प्रथमच पासपोर्ट काढला, अशा घरांतून निघणाऱ्या सामानात मेतकूट, भाजणी आणि डिंकाचे लाडू यांच्या जोडीला अर्धवट वापरलेली गोळ्यांची एक पट्टीही असते. ही चाल कालपरवाची आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु चिंतेचा भार उतरविण्यासाठी काहीतरी पोटात घेण्याची रीत या मुलखात फार जुनी असून, तिच्याविषयीचा एक अत्यंत विश्वसनीय लेखी पुरावा ज्या माणसाने ठेवला, तो अहमदनगरच्या निजामशहाचा वैद्य होता. म्हणून या गोळीचा इतिहास भिंगारच्या वाटेने सांगणे मला उचित वाटते.

भिंगारचे नाव दख्खनच्या तवारिखांत ठळकपणे येते तेच मुळी एका निर्धास्त झालेल्या फौजेच्या निमित्ताने. जुन्नरकडे स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या मलिक अहमदाचा बंदोबस्त करण्यासाठी बहामनी दरबाराने जहांगीर खान या सरदाराची रवानगी केली, त्याने भिंगारजवळ तळ दिला, आणि शत्रू अजून दूर आहे या भरवशावर सरदारांपासून शिपायांपर्यंत सारी छावणी मद्यपानात दंग झाली. 28 मे 1490 रोजी पहाटे मलिक अहमदाचे घोडेस्वार त्या तळावर तुटून पडले, तेव्हा प्रतिकार करण्याइतकी शुद्धही पुष्कळांना नव्हती. ज्याची हयात काही काळ याच निजामशाहीच्या आश्रयाने गेली त्या फिरिश्त्याने हा प्रसंग नोंदविला आहे. विजयस्थळी मलिक अहमदाने बाग निजाम उठविला, पुढे 1494 मध्ये जवळच सीना नदीच्या काठी अहमदनगर शहर वसविले, आणि त्या बागेच्या जागी कालांतराने तो भुईकोट किल्ला उभा राहिला, ज्यात 1942 नंतर नेहरू आणि त्यांचे सहकारी बंदिवान होते. किल्ल्याची, शहराची आणि राज्याची अशी ही सारी कथा एका पहाटेपासून सुरू होते, आणि त्या पहाटे जी फौज बुडाली तिचे भय रात्रीच पेल्यात विरघळून गेले होते. भयाला मनुष्याच्या शरीरात काही काम नेमून दिलेले आहे, ते काम संपण्यापूर्वीच त्याला रजा दिली तर काय होते, याचा इतका स्पष्ट दाखला भिंगारच्या इतिहासात दुसरा नाही.

आता त्या वैद्याकडे वळू. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये मार्टिम अफोंसो द सोझा याच्याबरोबर गोव्यास आला आणि उर्वरित आयुष्य त्याने याच देशात काढले. अहमदनगरचा पहिला बुऱ्हाण निजामशहा, जो 1553 मध्ये निवर्तला, त्याच्या दरबारी ऑर्टाची वैद्य म्हणून ये-जा होती. आणि या दोघांचा संबंध केवळ रोगी आणि वैद्य एवढाच नव्हता, कारण रोगांची व औषधांची अरबी-फारसी नावे आपण या सुलतानाशी झालेल्या बोलण्यातून शिकलो, असे ऑर्टाने मोकळेपणाने मान्य केले आहे. हिंदुस्थानातील औषधीद्रव्यांवर संवादरूपाने लिहिलेला त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्या देशात छापल्या गेलेल्या अगदी प्रारंभीच्या ग्रंथांपैकी तो एक होय. त्या ग्रंथातील भांगेवरचा संवाद मी जेव्हा वाचतो, तेव्हा आजच्या विमानप्रवाशाचे सारे मन त्यात आधीच उमटलेले आहे असे मला वाटते. ऑर्टा सांगतो की पूर्वीचे मोठमोठे सेनानी श्रमांतून विसावा मिळावा, चिंतांचा विसर पडावा आणि झोप लागावी म्हणून भांग मद्यात किंवा अफूत मिसळून घेत असत. आणि त्याच ठिकाणी तो गुजरातच्या बहादूरशहाचे एक बोलणे नोंदवितो, ज्याचा आशय असा, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण येथे जाण्याची इच्छा झाली तर आपल्याला थोडी भांग खाल्ली की पुरे होते. ज्या काळी लिस्बनहून गोव्यास यावयास सहा-सहा महिने लागत, जहाजे वाटेत फुटत आणि खलाशी हिरड्या सुजून मरत, त्या काळच्या एका सुलतानाला प्रवासाचे कष्ट आणि प्रवासाचे भय दोन्ही टाळून परदेश पाहण्याचा हा उपाय सापडला होता!

ऑर्टाच्या कथनात एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो फार मोलाचा आहे. लढाईपूर्वी अंगात अवसान यावे म्हणून घेतलेले द्रव्य वेगळे, आणि लढाई नसताना मनातील काळजी थांबावी म्हणून घेतलेले द्रव्य वेगळे. पहिल्या प्रकारचे वर्णन शंभर वर्षांनंतर फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने केले; रजपूत शिपाई लहानपणापासून अफूला सरावलेले असतात आणि लढाईच्या दिवशी तिची मात्रा दुप्पट करतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या प्रकाराविषयी तवारिखा बहुधा मौन पाळतात, कारण बखरकाराला आणि तवारीखनवीसाला शौर्याचा जमाखर्च ठेवावयाचा असतो, रात्री तंबूत जागत पडलेल्या माणसाचा नव्हे. तरीही भिंगारनेच एका अशा जागरणाची आठवण जपली आहे. जानेवारी 1706 च्या अखेरीस औरंगजेब बादशहा अहमदनगरास परतला आणि 3 मार्च 1707 रोजी इथल्या छावणीत वारला. आलमगीर या नावाने ओळखली जाणारी ती जागा भिंगारलाच आहे. अखेरच्या दुखण्यात हत्ती आणि मौल्यवान हिरा दान करून अरिष्ट टाळावे अशी विनंती त्याला करण्यात आली, तेव्हा ती रीत आपली नव्हे असे सांगून त्याने गोरगरिबांत वाटण्यासाठी काझीकडे चार हजार रुपये पाठविण्याचा हुकूम दिला. मुलांना लिहिलेल्या त्याच्या अखेरच्या पत्रांत पुढील वाटेविषयीची जी धास्ती आहे ती वाचून कोणाही सहृदय माणसाचे मन हलल्यावाचून राहत नाही. पन्नास वर्षे तख्तावर बसलेल्या, मादक पदार्थांना आयुष्यभर दूर ठेवणाऱ्या माणसालाही अज्ञात प्रवासाचे भय चुकले नाही.

ऑगस्ट 1803 मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि 1818 नंतर हा मुलूख कायमचा इंग्रजी अंमलाखाली गेला. पुढे भिंगारच्या बाजूने छावणी वाढली, आणि सरकारी दप्तरात मादक द्रव्यांचा हिशेब प्रथमच बारकाईने लिहिला जाऊ लागला. अफूची विक्री परवान्याने, मक्त्याने आणि आबकारीच्या देखरेखीखाली होऊ लागली. 1878 च्या अफू कायद्याने हा बंदोबस्त पक्का केला. 1893 मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी एक आणि अफूच्या चौकशीसाठी दुसरा, असे दोन आयोग नेमले. नगर जिल्ह्यात त्या काळी गांजाची लागवड होत असल्यामुळे पहिल्या चौकशीशी या जिल्ह्याचा निकट संबंध होता. दोन्ही आयोगांपुढे आलेल्या साक्षी वाचताना असे ध्यानी येते की, सामान्य माणूस ही द्रव्ये चैनीसाठी जितकी घेई तितकीच थकवा, हिवताप, अंगदुखी आणि काळजी यांवर घेई. आणि कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवून ठेवण्यासाठी अफू चाटवीत. मुंबईच्या गिरणगावात हीच चाल बाळागोळी म्हणून कित्येक दशके टिकली. रडू थांबते, पण भूक थांबत नाही, हे त्या बिचाऱ्या आयांना कोणी सांगावयाचे? स्वतंत्र भारताने दहा वर्षांच्या मुदतीने पुरवठा कमी करीत आणून 1959 मध्ये औषधी कारणाखेरीज अफू खाणे बंद केले, आणि एका प्राचीन सवयीची सरकारी खतावणी संपली.

सवय संपली, गरज संपली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात रज आणि तम यांपासून उद्भवणाऱ्या मनोविकारांत भय आणि चित्तोद्वेग यांची गणना केलेली आहे, म्हणजे ही पीडा आपल्या वैद्यकाने पूर्वीच ओळखली होती; आणि सूत्रस्थानात चिकित्सेचे जे तीन प्रकार सांगितले आहेत, त्यांत देवाला शरण जाणे आणि औषध-आहाराची योजना करणे यांच्या बरोबरीने सत्त्वावजय, म्हणजे मनाला अहितकर विषयांपासून आवरून धरणे, यालाही स्वतंत्र स्थान दिलेले आहे. नगरच्या मंडळींना हा विचार परका नव्हता, कारण वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 मध्ये या शहरात आयुर्वेदाचे विद्यालय काढले आणि औषधींच्या गुणधर्मांवर आधुनिकांनाही उपयोगी पडेल असे विस्तृत लेखन केले. ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी ही नावे घराघरांत माहीत होती. तान्ह्या बाळाला जायफळाचे चार वेढे उगाळून देणारी आजी तर प्रत्येक वाड्यात होती.

मधल्या काळात प्रवासाची साधने बदलली. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून धावू लागली. आगगाडीच्या पहिल्या धक्क्याने युरोपात जशी वैद्यकीय चर्चा माजली, 1866 मध्ये एरिकसन या इंग्रज शल्यवैद्याने रेल्वे अपघातांनंतर उरणाऱ्या विकारांवर जसे पुस्तकच लिहिले, तसे इकडे काही झाल्याचे दिसत नाही. लोकांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि पुढच्या पिढीत ती गाडी घरची झाली. रेल्वेच्या भयाचा हा शांत शेवट मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण तेथे भयाला औषध मिळाले नाही, सराव मिळाला.

विमानाची गोष्ट निराळी. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. परंतु सामान्य मराठी कुटुंबाला त्या विमानात बसावयास आणखी दोन पिढ्या लागल्या. भिंगारमध्ये मात्र आकाशमार्गाची ओळख आधी झाली, ती फौजेच्या मार्फत. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र व शाळा अहमदनगरास स्थिरावली आणि रणगाड्यांवर काम करणारे जवान येथून तयार होऊन सरहद्दीवर जाऊ लागले. ऑक्टोबर 1962 मध्ये 20 लान्सर्सचे एएमएक्स-13 रणगाडे अवजड मालवाहू विमानांतून लडाखमधील चुशूलला उतरविण्यात आले. ज्या धावपट्टीची उंची समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक, तिच्यावर रणगाड्याच्या शेजारी बसून उतरणाऱ्या जवानाला भय वाटले असेल की नाही, हा प्रश्न कोणत्याही अहवालात विचारलेला नसतो.

फौजेत हा प्रश्न विचारला जात नसे यालाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने, उड्डाणाला नकार देणाऱ्या वैमानिकांपैकी ज्यांचे कारण शारीरिक वा वैद्यकीय ठरत नसे, त्यांच्या नावापुढे नैतिक धैर्याचा अभाव असा शेरा मारण्याची पद्धत 1940 पासून चालू केली. त्या शेऱ्याने माणसाची सनदच नव्हे तर गावातील तोंडही जात असे. त्याच युद्धात उत्तर आफ्रिकेत काम करणाऱ्या ग्रिंकर आणि स्पीगल या अमेरिकन मनोवैद्यांनी नेमका उलट मार्ग धरला. खचलेल्या वैमानिकांना त्यांनी झोप आणणाऱ्या बार्बिट्युरेट वर्गातील औषध हलक्या मात्रेत दिले, पण ते गप्प करण्यासाठी नव्हे. त्या गुंगीत माणूस जे बोलू शकत नव्हता ते बोलू लागे, रडे, मेलेल्या सोबत्यांची नावे घेई, आणि मग त्याच्याशी संवाद सुरू करता येई. औषध तेच, परंतु त्याने एका ठिकाणी तोंड बंद करावे आणि दुसऱ्या ठिकाणी उघडावे, यात वैद्याच्या हेतूचे सारे महत्त्व दिसून येते. आपल्याकडे 1957 मध्ये बंगळुरास हवाई वैद्यकाची संस्था स्थापन झाली आणि वैमानिकाचे भय हा शिक्षेचा नव्हे तर चिकित्सेचा विषय आहे, ही दृष्टी हळूहळू येथेही आली.

गोळीचा आधुनिक इतिहास याच सुमारास वेगाने पुढे सरकतो. बार्बिट्युरेटे 1903 पासून वापरात होती. झोप उत्तम लागे, परंतु मात्रा थोडी वाढली की श्वासच थांबे, आणि सवय जडली की सुटत नसे. पहिला सौम्य पर्याय सुचविण्यात हिंदुस्थानचा वाटा होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. बिहारकडे वेडाची दवा म्हणून विकली जाणारी सर्पगंधा सेन आणि बोस यांनी 1931 मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरील तिचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला, 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि पाहता पाहता मन शांत करणाऱ्या औषधांचे एक नवे युग सुरू झाले. रेसर्पिन घेणाऱ्या काही रोग्यांना विषण्णता येते असे आढळल्याने ते मागे पडले. त्यानंतर 1955 मध्ये अमेरिकेत मिलटाऊन आले, आणि चिंता ही दुकानात जाऊन विकत घेतलेल्या गोळीने घालविता येते ही कल्पना तेथल्या मध्यमवर्गाने आनंदाने स्वीकारली.

यानंतरची हकिकत एका मांडणीवर पडून राहिलेल्या बाटलीची आहे. लिओ स्टर्नबाख हा रसायनशास्त्रज्ञ नाझींच्या तडाख्यातून निसटून 1941 मध्ये न्यू जर्सीतील नटली येथील रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत आला. तरुणपणी क्रॅकोमध्ये रंगद्रव्यांच्या शोधात बनविलेली काही संयुगे त्याला आठवली, त्यांची अनेक रूपे त्याने तयार केली, एकाचाही उपयोग दिसेना, आणि काम थांबविण्याचा हुकूम आला. 1957 मध्ये टेबल आवरताना, चाचणीसाठी कधीच न पाठविलेले एक शुभ्र स्फटिकरूप संयुग हाती लागले. फेकून देण्याऐवजी ते परीक्षेस पाठविण्यात आले, आणि जनावरे झोपी न जाता शांत होतात असे दिसून आले. तेच 1960 मध्ये लिब्रियम म्हणून बाजारात आले, आणि त्याच घराण्यातील डायझेपाम 1963 मध्ये व्हॅलियम या नावाने. भारतात रॅनबॅक्सीने 1960 च्या दशकाच्या अखेरीस डायझेपामची काम्पोज ही गोळी आणली, आणि परीक्षेची रात्र असो, घरातला मृत्यू असो वा मुलीची पाठवणी, ‘तिला अर्धी काम्पोज द्या’ हे वाक्य मराठी घरात सहज ऐकू येऊ लागले. 1980 च्या दशकात अल्प्राझोलाम आले; लवकर लागू पडणारी आणि लवकर उतरणारी ही गोळी विमानप्रवासासाठीच जणू घडविली आहे, असा लोकांचा ग्रह झाला.

या दशकांत विमान जवळ आले. 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते काकडी येथील शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जिल्ह्याच्या भूमीवरूनच प्रवासी विमाने उडू लागली. त्याच वेळी सरकारी नियंत्रणही कडक होत गेले. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्याने डायझेपाम-अल्प्राझोलाम यांसारखी द्रव्ये आपल्या कक्षेत घेतली, आणि 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-वन अनुसूचीने औषधविक्रेत्यावर स्वतंत्र वही ठेवण्याचे बंधन घातले, जिच्यात डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहून ती तीन वर्षे जपावी लागते. अफूच्या मक्तेदाराची खतावणी जेथे संपली, तेथून पुढे मेडिकलवाल्याची ही वही सुरू होते असे म्हणावयास हरकत नाही.

संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या मेडिकलसमोर उभे राहिले तर हा इतिहास डोळ्यांसमोर घडताना दिसतो. साठीची एक बाई पदराआडून चुरगळलेली पट्टी काढते; कप्प्यांपैकी दोन रिकामे, उरलेल्यांवर तांबडी रेघ आणि झिजलेली अक्षरे. “अशी एकच दे रे बाबा, परवा रात्रीचं विमान आहे.” दुकानदार पट्टी उलटीसुलटी पाहतो. “मावशी, डॉक्टरांची चिठ्ठी लागते हिला. ही कुणाची आहे?” “शेजारच्या वहिनींची. त्यांना पण जाताना चांगला गुण आला होता.” आणि मग, आवाज खाली आणून, जणू काही अपराध सांगावा तसे, “घरी सांगू नकोस. माझे मालक पलटणीत होते, ते हसतील मला.” ज्या गावात प्रत्येक गल्लीत एखादा निवृत्त सुभेदार राहतो, तेथे भय कबूल करणे किती जड जाते, हे त्या खाली आलेल्या आवाजात पुरेपूर भरलेले असते. भित्रेपणाचा शेरा सरकारने कधीच बंद केला. घरांनी तो अजून बंद केलेला नाही.

आता गोळीचा गुण खरोखर कितपत येतो, हे पाहावयास हवे. 1997 मध्ये स्टॅनफर्डच्या विल्हेल्म आणि रॉथ या संशोधकांनी, उड्डाणाचे तीव्र भय असलेल्या 28 स्त्रियांना आठवड्याच्या अंतराने दोनदा विमानात बसविले. पहिल्या उड्डाणापूर्वी निम्म्यांना एक मिलिग्रॅम अल्प्राझोलाम दिले, उरलेल्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. ज्यांना खरे औषध मिळाले त्यांना भय कमी वाटले, यात शंका नाही. परंतु त्यांच्या नाडीचे ठोके मात्र दुसऱ्या गटाहून अधिक होते, मिनिटाला 105 च्या जागी 114. दुसऱ्या उड्डाणात कोणालाच औषध दिले नाही, तेव्हा पहिल्या खेपेस औषध घेतलेल्या स्त्रियांची अवस्था फारच बिकट झाली. पहिल्या उड्डाणात त्यांच्यापैकी केवळ 7 टक्क्यांना भयाचा झटका आला होता, दुसऱ्यात 71 टक्क्यांना आला. ज्यांनी पहिले उड्डाण औषधावाचून सोसले होते, त्यांचे मन त्या मानाने स्थिर राहिले. भयाला सामोरे गेल्यावर ते ओसरते हे शरीराला शिकावयाचे असते, आणि गोळी तो धडाच वर्गाबाहेर बसविते. प्रयोग लहान होता, एकाच प्रयोगावर सिद्धान्त उभारू नये हे खरे. परंतु चिकित्सकांच्या अनुभवाशी तो जुळणारा आहे, आणि 1958 मध्ये जोसेफ वोल्पे यांनी पायरीपायरीने भयाची सवय मोडण्याची जी पद्धत मांडली, तिच्या यशाचे मर्मही हेच आहे.

याखेरीज वृद्ध प्रवाशासाठी काही धोके उघड आहेत. गुंगीत आठ-दहा तास हालचाल न करता बसून राहिले तर पायाच्या शिरांत रक्त गोठण्याची भीती असते. काही वृद्धांना या औषधाने शांतता येण्याऐवजी गोंधळ आणि चिडचिड होते. दारू किंवा सर्दीची गुंगी आणणारी औषधे जोडीला आली तर श्वास मंदावतो. आणि प्रसंग आलाच, तर दरवाजाकडे धावावयाची शुद्ध राहत नाही. आखातातील काही देशांत अशा गोळ्या आगाऊ परवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट दुबईमार्गे जाणाऱ्या आपल्या मंडळींना बहुधा कोणी सांगत नाही.

तरीही मी या गोळीला दोष देऊन मोकळा होणार नाही, कारण भयाला कारण नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. 26 एप्रिल 1993 रोजी नगरहून दोन-तीन तासांच्या अंतरावर, औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेले विमान कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकवर आदळले आणि 55 माणसे गेली. त्या दिवसाच्या आठवणी मराठवाड्यात आणि नगरात अजून ताज्या आहेत. 12 जून 2025 रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेल्या विमानातील 242 जणांपैकी एकच वाचला, आणि ज्यांची मुले लंडनमध्ये आहेत अशा प्रत्येक घराने त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून आपलेच नाव त्या यादीत शोधले. विमानप्रवास मोटारीच्या प्रवासाहून कितीतरी सुरक्षित आहे, हे निर्विवाद सत्य आहे. परंतु गणिताने बुद्धीचे समाधान होते, आतड्यांचे होत नाही. वर्षा-दोन वर्षांतून एकदा, नातवाचे तोंड पाहण्यासाठी, अनुभवी डॉक्टरने तपासून दिलेली एक गोळी एखाद्या आजीला विमानात बसवीत असेल, तर ती गोळी अयोग्य आहे असे मला मुळीच वाटत नाही. अयोग्य आहे ती शेजारणीची पट्टी, ती लपवाछपवी, आणि ज्या भयाला चार जिव्हाळ्याच्या शब्दांची आणि थोड्या सरावाची गरज आहे त्याला प्रत्येक खेपेस गुंगीने गप्प करण्याची सवय.

म्हणून भिंगारच्या आणि नगरच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. ज्या दिवशी तिकीट काढाल त्याच दिवशी आईवडिलांना घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, त्यांच्या साऱ्या चालू औषधांची यादी पुढे ठेवा आणि भय वाटते हे त्यांना मोकळेपणाने सांगू द्या. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्या, आणि गोळी ठरलीच तर ती प्रवासाच्या आधी एकदा घरी, माणसे जवळ असताना, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेऊन पाहा. चिठ्ठीची मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. आणि पलटणीत आयुष्य घालविलेल्या घरच्या कर्त्या पुरुषांनी, बायकोचा किंवा आईचा हात हातात घेऊन, आपल्यालाही कधीकाळी भय वाटले होते हे तिला एकदा सांगावे.